कुणाला काय ठाऊक होतं : ‘अळणी भाजी’चं एक वाचन

‘श्यामची आई’ या पुस्तकात बेचाळीस रात्री आहेत आणि त्यातल्या अठराव्या रात्री जवळजवळ काहीच घडत नाही. सावकाराचा माणूस दारात येत नाही, कुणाला मार बसत नाही, कुणी आजारी पडत नाही. आई रताळ्याच्या पाल्याची भाजी करते. तिच्यात मीठ घालायचं राहून जातं. वडील आणि मुलं जेवून उठतात. मग आई जेवायला बसते, पहिला घास घेते आणि तिला कळतं. गोष्ट एवढीच.

साने गुरुजींचं हे पुस्तक रडवणारं म्हणून प्रसिद्ध आहे. पुस्तकाचं नाव काढलं की लोकांना आठवतात ते शेवटचे कर्जाचे, आजारपणाचे, मृत्यूचे प्रसंग. पण चार-पाच वर्षांच्या मुलांना सांगायला साऱ्या पुस्तकातून एकच गोष्ट निवडायची झाली, तर मी न अडखळता ‘अळणी भाजी’ निवडीन. माणसाला जे वाटतं ते त्याला काय ठाऊक आहे यावर ठरतं, ही गोष्ट इतक्या थोड्या सामानात उभी केलेली मराठीत मला दुसरीकडे दिसलेली नाही. एक चूल, एक पंगत, एक चिमूट मीठ. आणि गोष्टीतल्या पात्रांची मनं मुलांना कळावीत असं आपण म्हणतो, तेव्हा पहिलं पाऊल हेच असतं.

गोष्टीची बांधणी पाहू. भाजी अळणी आहे हे गुरुजी शीर्षकातच सांगून टाकतात. वाचणाऱ्याला, ऐकणाऱ्याला ते सर्वांच्या आधी कळलेलं असतं. त्यामुळे पुढे काय होणार याची उत्सुकता फारशी उरत नाही, आणि आपलं सगळं लक्ष माणसांकडे जातं. वडिलांनी घास घेतला. आता ते काय करतील? ते मिठाचा शब्दही काढत नाहीत, जेवत राहतात. मुलांनीही घास घेतला. मुलांच्या जिभेवर ‘आई, मीठ’ हे शब्द आलेले असणार. पण ती वडिलांकडे बघतात आणि गप्प बसतात. या साऱ्या वेळात आई वाढते आहे. घरात भाजीची खरी चव ठाऊक नसलेलं माणूस एकच, आणि ते म्हणजे जिनं भाजी केली ती.

आता या चार-पाच माणसांच्या डोक्यात काय काय आहे ते जरा उलगडून बघा. वडिलांना माहीत आहे की भाजीत मीठ नाही. त्यांना हेही माहीत आहे की बायकोला ते माहीत नाही. आणि तिला कळलं तर तिला लागेल, हेही त्यांना माहीत आहे. म्हणून ते मिठाबद्दल बोलत नाहीत. मुलांना भाजी अळणी लागली आहे, आणि वडिलांच्या गप्प बसण्यात काही हेतू आहे एवढं त्यांनी ओळखलं आहे. आई मात्र या सर्वांच्या बाहेर उभी आहे, आणि तिच्या मनात या क्षणी दुःख नाही, संकोच नाही, काही नाही. ती नेहमीसारखी आहे. तिच्याबद्दल आपल्याला जे वाटतं आहे ते तिला वाटत नाही आहे. लहान मुलांना हे समजणं सोपं नसतं.

किती अवघड असतं, याचा एक गाजलेला प्रयोग आहे. १९८३ मध्ये हाइन्झ विमर आणि योझेफ पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी मुलांना माक्सी नावाच्या मुलाची छोटी गोष्ट सांगितली. माक्सी एका कपाटात चॉकलेट ठेवून खेळायला जातो. तो नसताना आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. माक्सी परत आला की चॉकलेट कुठे शोधील? तीन वर्षांचं मूल बहुतेक वेळा खरं चॉकलेट जिथे आहे तेच कपाट दाखवतं. त्याला स्वतःला ठाऊक आहे ना, मग माक्सीलाही ठाऊक असणारच! चौथ्या-पाचव्या वर्षापासून मुलं हळूहळू सांगू लागतात की माक्सी जुन्याच कपाटाकडे जाईल, कारण त्यानं हलवाहलव पाहिलेलीच नाही. यानंतर दोन वर्षांनी याच दोघांनी पुढची पायरी तपासली : एका माणसाला दुसऱ्याच्या मनाबद्दल काय वाटतं, हे मूल केव्हा सांगू शकतं? ते साधारण सहाव्या-सातव्या वर्षाच्या आसपास जमू लागतं.

‘अळणी भाजी’त या दोन्ही पायऱ्या एकाच जेवणात आहेत. पानावर मुलं बसलेली असताना पहिली : आईला ठाऊक नाही. आई जेवायला बसल्यावर दुसरी : यांना ठाऊक होतं, हे आता आईला ठाऊक झालं. तिचं वाईट वाटणं या दुसऱ्या पायरीवर उभं आहे. भाजी अळणी झाली, एवढंच असतं तर तिनं मीठ घेतलं असतं आणि जेवली असती. तिला लागतं ते हे, की आपण हे सगळ्यांच्या पानात वाढलं आणि सगळ्यांनी आपल्याला न सांगता ते खाल्लं. ज्या गप्प बसण्यानं तिला जपायचं होतं, तेच तिला बोचतं. वडिलांची माया खरी आहे, आणि तिचं दुःखही खरं आहे. गुरुजींचा श्याम इथे थांबून दोघांच्याही मनाचा मोठेपणा शेजारीशेजारी ठेवतो आणि कुणाला वरचढ ठरवत नाही. हे मला फार आवडतं. मुलांच्या गोष्टीत दोन चांगल्या माणसांची एकमेकांशी न जुळणारी भावना अशी बरोबरीनं ठेवलेली क्वचित दिसते. बहुतेक गोष्टींत एक चांगला असतो, एक वाईट असतो आणि मुलाला फक्त बाजू घ्यायची असते.

ही नजर गुरुजींना कुठून मिळाली असेल? गोष्ट कोकणातली आहे. पालगडचं घर, तिथली भाजी, तिथली गरिबी. आई १९१७ मध्ये गेली. पण ही गोष्ट सांगणारा माणूस खान्देशात घडला, असं मला ठामपणे वाटतं. १९२४ मध्ये साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि १९३० मध्ये सत्याग्रहात उतरेपर्यंत तिथे होते. शाळेच्या छात्रालयाचं काम त्यांच्याकडे होतं. घर पहिल्यांदाच सोडून आलेली खेड्यापाड्यांतली मुलं तिथे राहत. त्यांच्या खोल्या झाडणारे, त्यांचे कपडे धुणारे गुरुजी त्यांच्या विद्यार्थ्यांच्या आठवणींत पुन्हा पुन्हा भेटतात. मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढत, आणि १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केलं. रोज लिहायचं, आणि वाचणारी मुलं शेजारच्याच खोलीत! लिहिलेलं कुणाला लागलं, कुणाला लागलं नाही, हे दुसऱ्या दिवशी जेवणाच्या पंगतीत समोरासमोर दिसत असणार. पंगतीत कोण गप्प आहे, कुणाचं पान तसंच आहे, आणि गप्प बसलेला रुसला आहे की त्याला घरची आठवण येते आहे, हे छात्रालय चालवणाऱ्याला ओळखावंच लागतं. ‘अळणी भाजी’तल्या पंगतीकडे पाहणारी नजर छात्रालयात तयार झालेली आहे.

दुसरी शाळा धुळ्याच्या तुरुंगाची. १९३२ मध्ये विनोबांनी तिथे दर रविवारी गीतेवर प्रवचन दिलं. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत अठरा रविवार, अठरा अध्याय. ती प्रवचनं लिहून घेतली साने गुरुजींनी. ‘गीता प्रवचने’ आज आपल्यापुढे आहे ती त्यांच्या त्या लिहून घेण्यामुळे. बोलणाऱ्याचा सूर, ऐकणाऱ्यांचं लक्ष, कुठे थांबायचं, कुठे पुन्हा म्हणायचं, हे सगळं महिनोन्‌महिने हातातून उतरत होतं. आणि वर्षाच्या आत, नाशिकच्या तुरुंगात, ९ फेब्रुवारी १९३३ ला त्यांनी आपल्या आईच्या आठवणी लिहायला घेतल्या आणि १३ तारखेच्या पहाटेपर्यंत पुस्तकाचा फार मोठा भाग लिहून काढला. पुस्तक १९३५ मध्ये बाहेर आलं. त्याच्या प्रकरणांना प्रकरण म्हटलेलं नाही, रात्र म्हटलं आहे. आश्रमात दिवसाचं काम आटोपून मित्र जमतात, श्याम सांगतो, राम, गोविंदा, भिका ऐकतात, मधे बोलतात. पुस्तकातच एक श्रोतृवर्ग बसवलेला आहे. धुळ्यात रविवारी ऐकणारा तो कैदी इथे स्वतः सांगणारा झाला, हे त्या रचनेतून मला ऐकू येतं.

ऐकणारी मंडळी पुस्तकात असणं मुलांना गोष्ट सांगणाऱ्याच्या मोठ्या उपयोगाचं आहे. मुलाला एकाच वेळी दोन गोष्टी दिसतात : श्यामच्या लहानपणी काय झालं, आणि ते ऐकून मोठ्या माणसांना काय वाटलं. लहान मुलांना वाटतं की गोष्टीतल्या दुःखानं फक्त गोष्टीतल्यांनाच वाईट वाटायचं असतं. इथे गोष्टीबाहेरचा भिका हळवा होतो, आणि मग गोष्टीबाहेरचा आपणही हळवा झालो तर चालतं, हे मुलाला कुणी न सांगता कळतं.

आता पुस्तकाची एक अडचण सांगितली पाहिजे. तिच्याकडे डोळेझाक करणं गुरुजींवरच्या प्रेमाला शोभणार नाही. ते फार समजावून सांगतात. प्रसंग झाला की त्यावर बोलणं येतं, बोलण्यावर आणखी बोलणं येतं. हा शिक्षकाचा स्वभाव आहे आणि ज्या काळात, ज्या तळमळीनं ते लिहीत होते त्याला तो शोभतो. पण चार-पाच वर्षांच्या मुलाला गोष्ट सांगताना तो भाग सोडून द्यावा. यालाही आधार आहे. जोन पेस्किन आणि जॅनेट अॅस्टिंग्टन यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शाळेच्या उंबरठ्यावरच्या मुलांना चित्रांच्या गोष्टी दोन तऱ्हांनी वाचून दाखवल्या होत्या. एका तऱ्हेत ‘त्याला वाटतं’, ‘तिला माहीत आहे’ अशी मनाची वाक्यं मुद्दाम भरली होती. दुसऱ्या तऱ्हेत गोष्टी त्याच होत्या, ही वाक्यं नव्हती. पहिल्या गटातली मुलं तसे शब्द जास्त वापरू लागली. पण गोष्टीतल्या माणसाची चुकीची समजूत ओळखून तिचं कारण सांगण्यात दुसरा गट पुढे गेला. ज्यांना कुणी सांगितलं नाही, त्यांना स्वतः शोधावं लागलं.

‘अळणी भाजी’चं मोठेपण नेमकं यातच आहे. उपदेशाचा भाग वगळला तरी तिच्यातलं काहीच ढासळत नाही. उलट वडिलांचं गप्प बसणं अधिकच ठळक होतं. वडील का गप्प बसले, हे सांगू नये. विचारावं, आणि उत्तराची वाट पाहावी. वाट पाहणं सांगणाऱ्याला जड जातं. वर्गात पाच-सात क्षण शांतता झाली की मोठ्या माणसाला उत्तर द्यावंसंच वाटतं.

प्रश्नांचा क्रमही महत्त्वाचा आहे. आपल्याकडे गोष्ट संपली की पहिला प्रश्न असतो : या गोष्टीतून काय शिकलो? मुलं ठरलेलं उत्तर देतात : नेहमी खरं बोलावं, आईला त्रास देऊ नये, अन्नाला नावं ठेवू नयेत. सगळी उत्तरं बरोबर, आणि गोष्ट कुणाच्याच मनात शिरलेली नाही. दुसरा नेहमीचा प्रश्न : आईला काय वाटलं? त्याला उत्तर येतं, ‘वाईट’. तेही बरोबर, पण मुलानं आईकडे पाहिलेलं नसतं, बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलेलं असतं. मला वाटतं, भावनेआधी माहितीचा प्रश्न विचारावा. वडिलांनी घास खाल्ला, आता वडिलांना ठाऊक आहे का? आई अजून जेवलेली नाही, तिला ठाऊक आहे का? मग आत्ता, या क्षणी, तिला काय वाटत असेल? इथे बरीच मुलं घाईनं ‘वाईट’ म्हणतील, आणि एखादं मूल थांबून म्हणेल, तिला कुठे माहीत आहे! त्या एका उत्तरासाठी सारी गोष्ट सांगावी अशी ती आहे. त्यानंतर आई जेवायला बसते तिथे पुन्हा तोच प्रश्न विचारायचा, आणि आता उत्तर बदलतं.

जळगाव-धुळ्याच्या मुलांना ही गोष्ट सांगायची तर ती पालगडहून इकडे आणावी लागेल. रताळ्याचा पाला भाजी म्हणून इथल्या मुलांच्या ओळखीचा असेलच असं नाही. मेथी घ्या, पोकळा घ्या, नाहीतर सरळ वांग्याचं भरीत घ्या. भरितात मीठ नाही म्हटलं की जळगावकडचं पोरगं तोंड वाकडं करूनच दाखवील, आणि ते वाकडं तोंड फार कामाचं आहे. कारण पुढचं सांगणं असं : तोंड वाकडं न करता खाऊन दाखव. आई बघते आहे. वडिलांचं काम करणाऱ्या मुलाला चेहरा सरळ ठेवून घास गिळायचा असतो, आणि ते करताना, आत एक आणि बाहेर एक म्हणजे काय, हे त्याला अंगानं कळतं. वर्गातली बाकीची पोरं हसतात. हसू द्यावं.

भाषेचंही तसंच. धुळ्यात, अमळनेर-पारोळ्याकडे कित्येक घरांत अहिराणी बोलतात, यावल-रावेरकडे लेवा गणबोली, सातपुड्याच्या पायथ्याला पावरी. अंगणवाडीत येणारं मूल प्रमाण मराठीत ‘ओशाळली’ किंवा ‘अवघडली’ हे शब्द ऐकतं तेव्हा त्याला शब्द आणि भावना दोन्ही एकदम नवीन असतात. गोष्ट सांगणाऱ्या ताईनं ‘मायले माहीत शे का?’ असं विचारलं तर मुलाचं सारं लक्ष भावनेवर राहतं. प्रमाण भाषेतला शब्द मागून द्यावा, भावना ओळखीची झाल्यावर. ‘आई’च्या जागी ‘माय’ आली की काही शिक्षकांना गुरुजींचं पुस्तक बिघडल्यासारखं वाटतं. मला तसं वाटत नाही. ज्या माणसानं कोकणातलं आयुष्य खान्देशातल्या मुलांपुढे उभं केलं, त्याला ही अदलाबदल मान्यच झाली असती.

मनाविषयी बोलण्याची सवय घरातही लागते. ज्युडी डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दाखवून दिलं की ज्या घरांत तीन वर्षांच्या आतल्या मुलांशी भावनांबद्दल बोललं जातं, ती मुलं पुढे काही महिन्यांनी इतरांची मनं ओळखण्यात सरस ठरतात. तेव्हा गोष्ट शाळेत ऐकून आलेल्या मुलाला घरी कुणीतरी ‘मग वडील का बोलले नाहीत?’ एवढंच विचारलं तरी पुरे. कापूस वेचून आलेल्या आईला यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. भाकरी थापतानाही हे बोलणं होतं.

आणि इथेच एक प्रश्न मुलांकडून येतो. तो टाळू नये. आई सगळ्यांबरोबर का जेवली नाही?

पुस्तकात तो कुणी विचारत नाही. गुरुजींच्या काळात तो कुणाला सुचलाही नसता. पण नीट पाहिलं तर सगळी गोष्ट त्या एका रीतीवर उभी आहे. आई पंगतीत बसली असती तर पहिल्या घासालाच तिला कळलं असतं, तिनं मिठाचं भांडं पुढे केलं असतं, आणि गोष्ट घडलीच नसती. वडिलांचं मौन, मुलांचं मौन, आईचं वाईट वाटणं, हे सारं तिच्या मागून जेवण्यातून आलं आहे. जी शेवटी जेवते तिलाच सगळ्यात शेवटी कळतं. लहान मुलाच्या तोंडून हा प्रश्न आला तर तो आगाऊपणा समजू नये. कुणाला काय ठाऊक आहे याचा माग काढता काढताच ते मूल तिथे पोचलेलं असतं. अजूनही अनेक घरांत आई शेवटी जेवते आणि मूल ते रोज पाहतं. पुस्तकाचं वजन या प्रश्नानं कमी होत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या घरातली एक स्त्री त्या मुलाला इतकी खरी वाटली की तिची जागा कुठे होती हे त्यानं विचारलं. लेखकाला याहून वेगळं काय हवं असतं?

दुसऱ्या रात्रींचा उल्लेख केल्याशिवाय हे वाचन पुरं होणार नाही, पण त्या थोडक्यात घेतो. पहिल्या रात्री, ‘सावित्री-व्रता’त, आजारी आईच्या वतीनं श्यामला वडाच्या प्रदक्षिणा घालायच्या असतात आणि त्याला लाज वाटते. लाज ही भावना दुसऱ्याच्या डोळ्यांतून येते. वडाखाली बघणारं कुणी नसतं तर श्यामला लाजच वाटली नसती. पाच-सहा वर्षांच्या मुलाला राग आणि आनंद कळतात, पण लाजेसाठी त्याला आणखी एक माणूस मनात उभा करावा लागतो. म्हणून ही गोष्ट ‘अळणी भाजी’नंतर सांगावी. तिसऱ्या रात्रीची ‘मुकी फुले’ त्याहूनही पुढची. इतर मुलांच्या हाती लागू नयेत म्हणून आदल्या संध्याकाळीच कळ्या तोडून आणायच्या आणि आईनं त्या झाडावरच फुलू द्यायला सांगायचं, यात ज्याला बोलता येत नाही त्याच्या मनात शिरायला शिकवलं आहे. इथे जळगावच्या मुलांसाठी बहिणाबाईंची सुगरण अगदी जवळ आहे. असोद्यात १८८० मध्ये जन्मलेल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या बहिणाबाईंनी पाखराच्या मनातली माया घरट्याच्या विणीत पाहिली. सोपानदेव आणि पीतांबर चौधरींनी त्यांची गाणी उतरवून घेतली नसती तर ती त्यांच्याबरोबरच गेली असती. ती १९५२ मध्ये पुस्तकरूपानं आली ती आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. आणि याच अत्र्यांनी पुढच्याच वर्षी ‘श्यामची आई’ पडद्यावर आणली. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्या चित्रपटाला मिळालं. लेवा बोलीतली एक माय आणि पालगडची एक आई, दोन्ही एकाच माणसाच्या हातून साऱ्या महाराष्ट्राच्या घरात गेल्या, याचं मला फार अप्रूप वाटतं.

चित्रपट मुलांना दाखवावा का? अवश्य दाखवावा, पण गोष्ट ऐकून झाल्यावर. आईचं काम करणाऱ्या वनमालाबाईंच्या चेहऱ्यावर दुःख दिसतं, मूल ते वाचतं, आणि चेहरा वाचणंही शिकण्यासारखंच आहे. पण अठराव्या रात्रीच्या पंगतीत चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, यातच सगळं आहे. तिथे मुलाला चेहऱ्याची मदत नाही. कुणी काय पाहिलं, कुणी काय खाल्लं, कोण अजून जेवायचं आहे, एवढ्यावरून मन ओळखायचं आहे.

बाराव्या रात्रीचं ‘श्यामचे पोहणे’ मात्र घाईनं सांगू नये. आई शिंपटीनं मारते, मुलगा विहिरीत उतरतो, आणि त्याला कुणी भित्रा म्हणू नये या ओढीनं तिनं मारलं हे मागून कळतं. कृती एक आणि भावना उलटी, हे सहा-सात वर्षांच्या मुलाला पेलतं. त्या वयाआधी ऐकलेल्या मुलाच्या मनात फक्त मार उरतो, आणि मारणारी माणसं प्रेमच करत असतात असा घातक समज रुजू शकतो. सात वर्षांच्या मुलालाही ही गोष्ट सांगताना, मारल्याशिवाय आईला हे करता आलं असतं का, हा प्रश्न मुलांपुढे उघडा ठेवावा. गुरुजींना मुलांना कुणी मारलेलं सोसत नसे, आणि तरी आईच्या हातचा मार त्यांनी लपवला नाही. त्यांनी तो लिहिला, तिच्या मायेसकट लिहिला. कर्जाच्या आणि मरणाच्या रात्री मूल दहा वर्षांचं झाल्यावरच सांगाव्यात. तोवर ‘अळणी भाजी’ दोनदा, तीनदा सांगता येते, आणि दर वेळी मूल मोठं झालेलं असतं. चौथ्या वर्षी ते आईला ठाऊक नव्हतं एवढं सांगतं, सातव्या वर्षी वडिलांची बाजू घेतं, नवव्या वर्षी म्हणतं की वडिलांनी हळूच सांगायला हवं होतं, आणि मग वर्गात दोन तट पडून जोराचा वाद होतो.